शाळेची बाग : थंडी संपण्याआधीच करायचे नियोजन (आयसेलिन आणि परिसरासाठी)



फेब्रुवारीत बागेचा विषय काढला की घरचेसुद्धा हसतात. बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि घरात बसून मेथीचे वाफे आखायचे, म्हणजे जरा विनोदीच प्रकार. पण शाळेतल्या बागेचे खरे काम याच दिवसांत होते. ही गोष्ट आम्हाला एक वर्ष फुकट घालवून कळली, म्हणून हा लेख.

आमच्या मुलांच्या शाळेत काही पालकांनी मिळून चार वाफे तयार केले होते. पहिल्या वर्षी हौसेने मे महिन्याच्या मध्यावर टोमॅटो, भेंडी, मिरची आणि वांगी लावली. मुलांनी पाणी घातले, नावांच्या पाट्या रंगवल्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा सुटली आणि आम्ही सगळे आपापल्या सुट्ट्यांवर गेलो. टोमॅटो पिकले ऑगस्टमध्ये. सप्टेंबरमध्ये मुले धावत बागेकडे गेली तेव्हा तिथे कमरेएवढे तण, फुटून खाली पडलेले टोमॅटो आणि लाकडासारखी झालेली भेंडी होती. शाळेने सौम्य शब्दांत सांगितले की आणखी एक वर्ष बघू, नाहीतर वाफे काढून पुन्हा हिरवळ लावू. त्यांचे काही चुकले नाही. चूक आमच्या वेळापत्रकाची होती.

घरच्या बागेचा हंगाम मे ते ऑक्टोबर. शाळेचा हंगाम सप्टेंबर ते जून. दोन्ही जुळतात ते फक्त वसंतात आणि थोडेसे शरदात. त्यामुळे शाळेच्या बागेत मुख्य पीक वसंताचेच असले पाहिजे आणि त्यासाठी तयारी फेब्रुवारीत सुरू झाली पाहिजे.

इथला वसंत म्हणजे आपला रब्बी

आपल्याकडे मेथी, वाटाणा, पालक, मुळा, कोथिंबीर चांगली येते ती हिवाळ्यात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण ११-१२ अंश सेल्सिअस असतात. मध्य न्यू जर्सीत मे महिन्याच्या रात्री जवळपास तशाच असतात आणि एप्रिलच्या त्याहून थंड. म्हणजे तिकडे दिवाळीच्या आसपास जे पेरतात, ते इथे मार्च-एप्रिलमध्ये पेरायचे. भेंडी, गवार, दुधी, टोमॅटो ही उन्हाळी मंडळी. त्यांना मेच्या मध्यानंतरच बाहेर काढायचे.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. पुण्यात सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर असतो. आयसेलिनमध्ये मेच्या मध्यालाच दिवस चौदा तासांच्या पुढे जातो. मोठ्या दिवसाने आणि उकाड्याने पालक लगेच तुऱ्यावर येतो, कोथिंबीर फुलते आणि पाने कडवट होतात. त्यामुळे या भाज्यांना उशीर चालत नाही. पेरणी तीन आठवडे लांबली की पीक तीन आठवडे लांबत नाही, बहुतेक वेळा हातचे जाते.

अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या नकाशात आपला भाग ७ क्रमांकाच्या झोनमध्ये येतो. बरेच जण या आकड्यावरून पेरणीची तारीख ठरवतात, पण तो आकडा हिवाळ्यातल्या किमान तापमानाचा आहे. कढीपत्ता किंवा अंजीर बाहेर तगेल का, हे त्यावरून कळते. वसंतातले शेवटचे हिमतुषार कधी पडतील, हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडे ते सर्वसाधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत पडू शकतात आणि एखाद्या वर्षी मेच्या सुरुवातीलाही. वाटाणा आणि पालक हलके हिमतुषार सोसतात. टोमॅटो एका रात्रीत काळा पडतो.

उलटी मोजणी

आपल्यापैकी बरेच जण ऑफिसात प्रोजेक्ट प्लॅन करतात. इथेही तसेच करायचे. आधी रिलीजची तारीख ठरवायची आणि मग मागे मोजत यायचे. समजा शाळा २० जूनच्या सुमारास सुटते. शेवटचा आठवडा स्नेहसंमेलन, निरोप आणि आवराआवरीत जातो. म्हणून मुख्य काढणी ८ जूनला धरू.

वाटाण्याला उगवल्यापासून साधारण ६५ दिवस लागतात. थंड मातीत उगवायलाच दोन आठवडे जातात. म्हणजे सुमारे ८० दिवस. ८ जूनपासून ८० दिवस मागे गेले की २० मार्च येतो. इथले जुने बागवाले वाटाणा सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे १७ मार्चला, पेरायचा असे म्हणतात. हिशोब बरोबर तिथेच येतो. गुढीपाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही येतो, त्यामुळे मराठी घरात ही आठवण ठेवायला अवघड नाही.

इतर पिकांचा हिशोब असा :

• पालक : पेरणी १७ मार्चपासून, काढणी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून.
• कांद्याची पात (छोटे कांदे लावून) : लावणी मार्चअखेर, काढणी मेच्या सुरुवातीस.
• मुळा (छोटा लाल) : पेरणी १ एप्रिल, काढणी मेचा पहिला-दुसरा आठवडा. आपला लांब पांढरा मुळा जास्त दिवस घेतो आणि वसंतात लवकर फुलतो. तो शरदासाठी ठेवावा.
• लेट्यूस : घरात बी फेब्रुवारीअखेर, रोपे बाहेर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, काढणी मेच्या मध्यापासून.
• बटाटा (लवकर येणारी जात) : लावणी एप्रिलचा पहिला आठवडा, जूनच्या मध्यावर छोटे नवे बटाटे.
• मेथी : पेरणी १० एप्रिलच्या सुमारास, काढणी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.
• कोथिंबीर : पेरणी एप्रिलचा दुसरा आठवडा, काढणी मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा.

या तारखा सरासरीच्या आहेत. मार्चमध्ये एक फूट बर्फ पडला तर आठवडाभर पुढे ढकलावे. मात्र एप्रिलच्या मध्यानंतर वाटाणा पेरण्यात अर्थ नाही. फुलोऱ्याच्या वेळी ऊन तापते आणि शेंगा धरत नाहीत.

आधी माती तपासा

घरच्या अंगणात आपण ही पायरी गाळतो. शाळेत ती गाळू नये. न्यू जर्सीतल्या जुन्या फळबागांत एके काळी शिसे आणि आर्सेनिक असलेली कीटकनाशके फवारली जात, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनींवर पुढे वस्ती झाली. जुन्या इमारतींच्या भिंतीलगत शिशाच्या रंगाचे पापुद्रे मातीत मिसळलेले असू शकतात. आयसेलिनमधून गार्डन स्टेट पार्कवे जातो, रूट २७ जातो. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला धूर रस्त्याकडेच्या मातीत साठून राहतो. शिशाबाबतचे नियमही कडक होत आहेत. पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये निवासी मातीतील शिशाची तपासणी-पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली.

न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे. गोठण नसलेल्या दिवशी वाफ्यात आठ-दहा ठिकाणांहून सहा-सात इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र मिसळावी, सावलीत वाळवावी आणि पाठवावी. शिशाची तपासणी वेगळी मागावी लागते, हे विसरू नका. भाज्यांना आम्लता निर्देशांक ६.२ ते ६.८ चांगला. आपल्याकडची माती बहुधा आम्लधर्मी असते आणि चुना टाकावा लागतो, पण चुन्याला परिणाम दाखवायला काही महिने लागतात. फेब्रुवारीत अहवाल आला तर निदान शरदासाठी तरी उपयोगी पडतो.

वाफा आणि परवानगी

वुडब्रिज टाउनशिपचा हा पट्टा चिकणमातीसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या मातीच्या भट्टीच्या विटा दूरवर जात. विटांना उत्तम असलेली माती मुळ्याला मात्र त्रासदायक असते. म्हणून जमिनीवर चौकट ठोकून त्यात माती भरलेला उंच वाफा सोयीचा.

• आकार ४ × ८ फूट, उंची १ फूट. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी रुंदी ३ फूटच ठेवावी, त्यांचा हात मध्यापर्यंत पोचत नाही.
• ४ × ८ × १ म्हणजे ३२ घनफूट माती, सुमारे १.२ घनयार्ड. दीड घनफुटाच्या पिशव्या घेतल्या तर २२ लागतात. चार वाफे असतील तर ट्रकने मागवणे स्वस्त पडते.
• लाकूड सीडरचे घ्यावे. कुणाच्या गॅरेजमध्ये पडलेल्या जुन्या हिरवट फळ्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. २००४ च्या आधीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असण्याची शक्यता मोठी आहे.
• ताजे शेणखत टाकू नये. सेंद्रिय शेतीच्या नियमांप्रमाणे मातीला लागून वाढणाऱ्या पिकात ताजे खत आणि काढणी यांत १२० दिवस हवेत. मार्चमध्ये टाकले तर शाळा सुटेपर्यंत तेवढे दिवस भरत नाहीत. पूर्ण कुजलेले कंपोस्ट वापरावे.
• खुंट रोवायचे किंवा खणायचे असेल तर ८११ वर फोन करावा. गॅस आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा मोफत करून मिळतात. न्यू जर्सीत निदान तीन कामाचे दिवस आधी कळवावे लागते.

कीटकनाशकाचा फवारा घरून आणू नये. न्यू जर्सीत २००२ चा शालेय एकात्मिक कीड व्यवस्थापन कायदा आहे. प्रत्येक शाळेला त्याचे धोरण आणि एक समन्वयक ठेवावा लागतो. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. सशांसाठी दोन फूट उंचीची बारीक जाळी लावावी. ग्राउंडहॉगला मात्र दोन फूट पुरत नाहीत. जाळी तीन-साडेतीन फूट उंच हवी आणि खालची कड जमिनीत फूटभर पुरलेली हवी.

बत्तीस चौरसांचा आराखडा

मेल बार्थोलोम्यू यांनी १९८१ मध्ये पुस्तक लिहून चौरस-फूट पद्धत लोकप्रिय केली. शाळेत ती फार सोपी जाते, कारण प्रत्येक मुलाला 'माझा चौरस' मिळतो. एका ४ × ८ वाफ्याचे ३२ चौरस आम्ही असे वाटतो :

• वाटाणा ८ चौरस, प्रत्येकी ८ बिया. वाफ्याची उत्तरेकडची पूर्ण ओळ याला द्यावी, म्हणजे वेलांची सावली इतरांवर पडत नाही.
• पालक ६ चौरस, प्रत्येकी ९
• मेथी ६ चौरस, दाट पेरून
• मुळा ४ चौरस, प्रत्येकी १६. एकूण ६४, म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाला दोन तरी मिळतात.
• बटाटा ४ चौरस, प्रत्येकी १
• कोथिंबीर २ चौरस
• कांद्याची पात २ चौरस, प्रत्येकी १६

लेट्यूसची रोपे दुसऱ्या वाफ्यात किंवा कुंडीत लावावीत.

बियाणे

भारतातून येताना बॅगेत बियाण्यांच्या पुड्या आणण्याचा मोह सगळ्यांना होतो. पेरणीच्या बियांना इथे आणण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि कस्टम्सच्या फॉर्मवर त्या जाहीर कराव्या लागतात. शाळेच्या कामात तरी हा धोका नको. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातले मेथीदाणे छान उगवतात. धणे मात्र जुने असू शकतात, म्हणून आधी चाचणी घ्यावी. ओल्या पेपर टॉवेलमध्ये दहा दाणे गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. मेथीला पाच दिवस आणि धण्यांना दोन आठवडे द्यावेत. दहापैकी सात उगवले तर पेरावे, चार उगवले तर दुप्पट दाट पेरावे, त्याहून कमी असतील तर आमटीत वापरावेत. धणे पेरण्याआधी तळहाताने रगडून दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजत घालावेत.

वाटाण्याचे बी घेताना ते गुलाबी किंवा हिरवट रंगाचा लेप दिलेले नाही ना, हे बघावे. तो लेप बुरशीनाशकाचा असतो आणि ते बी लहान मुलांच्या हातात देण्याजोगे नाही.

वापसा

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकांचे वडील साताऱ्याहून फेब्रुवारीतच आले होते. १७ मार्चच्या शनिवार-रविवारी आम्ही सगळे फावडी घेऊन तयार. आजोबांनी मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. मातीचा गोळा तसाच चकाकत राहिला. "वापसा नाही अजून," म्हणाले आणि फावडी परत गाडीत ठेवायला लावली. पाच दिवसांनी तीच माती दाबली, बोटाने टोचली, तर गोळा भुरभुरला. मग पेरणी केली.

ओल्या चिकणमातीत पाय दिला किंवा ती खणली तर वाळल्यावर ढेकळे होतात आणि पूर्ण हंगाम तशीच राहतात. कॅलेंडरपेक्षा वापसा महत्त्वाचा. सोबत एक साधा माती-थर्मामीटर ठेवावा. सकाळी दोन इंच खोलीवर ४० अंश फॅरनहाइट (साधारण ४.५ सेल्सिअस) दिसले की वाटाणा-पालक पेरता येतात, मुळ्याला ४५ आणि मेथी-कोथिंबिरीला ५०-५५ बरे. माती लवकर तापवायची असेल तर पेरणीआधी दोन आठवडे वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरावे. रोज तापमान लिहिण्याचे काम मुलांना द्यावे. तिसरी-चौथीच्या मुलांना त्यातून आलेख काढायला मिळतो आणि शिक्षकांनाही बाग अभ्यासाबाहेरची वाटत नाही.

चव देण्याआधी

काढणीच्या दिवशी मुलांना काहीतरी खायला द्यायचेच असते. त्याआधी शाळेच्या नर्सशी बोलून घ्या. मेथी आणि वाटाणा शेंगदाण्याच्याच कुळातले आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना मेथीनेही त्रास झाल्याचे आढळले आहे. ज्या पालकांनी मेथीचे नावही ऐकलेले नाही, त्यांना चिठ्ठी पाठवून आधी विचारावे. बटाट्याची हिरवी झालेली कातडी आणि पाने विषारी असतात, हेही मुलांना सांगावे.

मदतीला येणाऱ्या आजी-आजोबांची नावे शाळेला आधी द्यावीत. ओळखपत्र आणि ऑफिसमधली नोंद लागतेच. काही शाळांत स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतात आणि त्याला काही आठवडे लागतात. हे कामही फेब्रुवारीतलेच.

मग उन्हाळ्याचे काय?

वाफे रिकामे सोडले तर तण येणारच. सुट्टीभर पाण्याची पाळी लावता येते, पण जुलैअखेर ती मोडते असा आमचा अनुभव आहे. त्यापेक्षा शाळा सुटताना अशी पिके लावावीत जी शाळा उघडल्यावर तयार होतील. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लाल भोपळा पेरला तर साधारण १०० दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, तो मुलांसमोर पिकतो. रताळ्याचे वेल जूनच्या सुरुवातीला लावले तर ऑक्टोबरमध्ये मुलांना स्वतः खणून काढता येतात. दोन्हींचे वेल जमीन झाकतात आणि तण कमी होते. जाड आच्छादन केले तर आठवड्याला एक-दोनदा पाणी पुरते.

टोमॅटो अगदीच हवा असेल तर मार्चअखेर वर्गाच्या खिडकीत रोपे करावीत आणि मेअखेर प्रत्येक मुलाला एकेक रोप घरी द्यावे. रटगर्स नावाचीच एक जात १९३४ मध्ये न्यू जर्सीत तयार झाली. स्थानिक इतिहासाचा धडाही त्यात होऊन जातो. शेवटी ऑक्टोबरमध्ये एका कोपऱ्यात लसणाच्या पाकळ्या लावून ठेवाव्यात. पुढच्या एप्रिलमध्ये सगळ्यांत आधी हिरवी पात तीच देते.

फेब्रुवारीची यादी

१. शाळेची लेखी परवानगी, पाण्याच्या नळाची चौकशी (बाहेरचे नळ कधी सुरू करतात?)
२. शाळा सुटण्याची नेमकी तारीख, वसंताच्या सुट्टीचा आठवडा
३. माती परीक्षण, शिशासह
४. बियाण्यांची उगवण चाचणी
५. प्रत्येक वाफ्याला एक जबाबदार पालक आणि एक बदली पालक
६. स्वयंसेवकांचे कागद, ॲलर्जीची चिठ्ठी
७. फेब्रुवारीअखेर घरात लेट्यूसचे बी

दुसऱ्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मुलांनी वाटाण्याच्या शेंगा तिथेच उभ्याने सोलून खाल्ल्या. घरी नेण्यासाठी आणलेल्या पिशव्या रिकाम्याच राहिल्या. बटाटे सुपारीएवढेच निघाले, पण ते खणताना जो आरडाओरडा झाला तो ऐकून ऑफिसमधली मंडळी खिडकीत आली. हिरवळ लावण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तुमच्या मुलांच्या शाळेत वाफे असतील, किंवा पडून असतील, तर या आठवड्यातच शाळेशी बोला. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेट झाली की आराखडा समोर ठेवून बसू. मेथीदाणे मी घेऊन येईन.